कागदावर नसलेला मुलगा

ही संस्था आज सात मजल्यांची आहे. हेब्बाळच्या पुढे, हमरस्त्याला लागून, सगळी काचेची. आत काम करणाऱ्या पोरांना वाटतं ती आभाळातून तशीच उतरली. मी ती दोन खोल्यांची असताना पाहिली आहे. जे. पी. नगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर होती. खाली घरमालक राहायचा आणि जिन्यात त्याच्या बायकोचे पापड वाळत असायचे. रक्ताच्या नळ्या हातात घेऊन आम्ही भिंतीला अंग घासत वर चढायचो, कारण पापडावर पाय पडला तर ती बाई भाडं वाढवायला लावील अशी संस्था काढणाऱ्या डॉक्टरबाईंना भीती होती.

मी तिथे गेलो फ्रिज दुरुस्त करायला. घरातला नव्हे, उणे ऐंशीवर चालणारा, माणसाएवढा उंच. लोकांच्या रक्तातून काढलेलं जे काही असतं ते त्यात ठेवायचे आणि त्यावरून पिढीजात आजार शोधायचे. संस्था म्हणजे तेव्हा तो एक फ्रिजच होता. तो बंद पडला तर सगळं गेलं. कंपनीचा माणूस म्हणाला होता, नवा भाग मागवावा लागेल, पंधरा दिवस लागतील. मी चौथीपर्यंत शिकलेला, तेही कन्नड शाळेत. मराठी लिहायला वडिलांनी घरी पाटीवर शिकवलं. पण कॉम्प्रेसरवर हात ठेवला की त्याचं कुठे दुखतंय ते मला कळतं. तीन तासांत चालू करून दिला. डॉक्टरबाई उत्तरेकडच्या, तेव्हा चाळिशीच्या. म्हणाल्या, "अण्णा, रोज याल का?" मी म्हटलं, "येईन. पण त्या कंपनीच्या माणसाला परत या जिन्यात बघणार नाही." अशी माझी नोकरी ठरली.

एकदा भर उन्हाळ्यात दुपारी वीज गेली आणि जनरेटरही बसला. मी सगळ्या नळ्या थर्माकोलच्या पेटीत सुक्या बर्फात घातल्या आणि रिक्षानं दुसऱ्या कॉलेजच्या फ्रिजकडे निघालो. सुक्या बर्फाचा पांढरा धूर सुटतो. सिग्नलला रिक्षावाल्यानं मागं पाहिलं आणि ओरडला, "अण्णा, आग!"

"आग नाही रे, बर्फ आहे."

"बर्फाला धूर? मला येडा समजता का? स्वल्प, जरा बाहेर धरा ती पेटी, माझी सीट जळेल."

मग सगळा रस्ता मी ती पेटी एका हातानं रिक्षाच्या बाहेर धरून गेलो. खांदा आठ दिवस दुखला, पण एक नळी वितळू दिली नाही. आजही संस्थेच्या समारंभाला डॉक्टरबाई ही गोष्ट सांगतात आणि मला उभं करतात. मी उभा राहतो. का राहू नये?

पण फ्रिजपेक्षा माझा खरा उपयोग वेगळाच निघाला. आजारी मुलं घेऊन माणसं यायची. कुणी कोलारकडची, कुणी बेळगावकडची. बाईंना कन्नड मोडकंतोडकं, मराठी अजिबात नाही, तेलुगू नाही. मला सगळं येतं. आमची माणसं कित्येक पिढ्या इथे आहेत, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर जी लागेल ती भाषा. मग मी चटईवर त्यांच्यासमोर बसायचो आणि बाई कागदावर त्यांचं घराणं काढायच्या. पुरुष असेल तर चौकोन, बाई असेल तर गोल. नवराबायकोच्या मधे एक रेघ. लग्न नात्यातलं असेल तर दोन. आजारी मूल काळं भरायचं.

माणसं त्या दुसऱ्या रेघेवर खोटं बोलायची. "नात्यात नाही हो, गावातलेच." बाई एक रेघ मारायच्या. मी थांबवायचो. मी एकच प्रश्न विचारायचो, "अक्का, लग्नाआधी नवऱ्याला काय म्हणून हाक मारायचीस?" ती खाली बघायची. मग हळूच म्हणायची, "मामा." बाई दुसरी रेघ मारायच्या. अशा शंभर कागदांवर दुसरी रेघ माझ्यामुळे आली असेल. बाई म्हणायच्या, अण्णांनी तपासलेला कागद चुकत नाही.

हा प्रश्न मला सुचला, कारण तो माझ्याच घरातला होता.

आमच्यात अक्काची मुलगी धाकट्या मामानं करायची रीत आहे. पोर परक्या घरी जात नाही, सासू तिची आजीच असते. माझ्या अक्काला मुलगी झाली त्या दिवशी तिनं आईला सांगितलं होतं, ही तुझी सून. मी सहा वर्षांचा होतो. पुढे तसंच झालं, आणि आमच्या गल्लीत याला कुणी नाक मुरडलं नाही. नाक मुरडलेलं मी पहिल्यांदा त्या दोन खोल्यांत पाहिलं. शिकायला आलेल्या पोरी दुसरी रेघ मारताना एकमेकींकडे बघायच्या आणि हळूच सुस्कारा सोडायच्या. ‘परत तेच,’ असा. मला तो सुस्कारा अंगाला लागायचा.

पहिल्याच वर्षी बाई म्हणाल्या, पोरींना सराव व्हावा म्हणून आपल्याच माणसांचे कागद काढू. माझी पाळी आली.

"अण्णा, बायको नात्यातली?"

"नाही. बाहेरची."

"मुलं?"

"एक. मुलगी."

पोरीनं एक चौकोन काढला, एक गोल काढला, खाली एक गोल. झालं. तो कागद फायलीत गेला.

मला मुलगा होता. मुलीनंतर चार वर्षांनी झाला. दीड वर्षाचा होऊन नीट चालायला लागला, अगदी पळायचा. चौथ्या वर्षी पडायला लागला. उठताना स्वतःच्याच गुडघ्यावर तळवे रोवून, वर चढल्यासारखा उठायचा. सहाव्या वर्षी उठणं संपलं. मी त्याला पाठीवर घेऊन मोठ्या रस्त्यावर जायचो. बस लांब असतानाच तो तिचा नंबर सांगायचा आणि बरोबर आला की माझ्या पाठीवर हसायचा, सगळा हलायचा. शेवटी गिळता येईना. नववं संपायच्या आत गेला, मी संस्थेत लागायच्या आधीच. सगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळी नावं सांगितली. आम्ही लोकांना सांगितलं, तापानं गेला. मुलीचं लग्न व्हायचं होतं. या घराण्यात खोट आहे असं एकदा कुणी म्हणालं की दारात स्थळ उभं राहत नाही. लग्न झाल्यावरही जावयाच्या घरी तेच सांगितलं, ताप. आणि सांगता सांगता माझ्या तोंडाला तीच सवय लागली.

खोटं एकदा फायलीत गेलं की ते तिथे गप्प बसत नाही, हे मला पुढच्या काही वर्षांत कळलं. आमच्याच समाजातली एक बाई आली, सहा वर्षांचा मुलगा घेऊन. मुलगा जमिनीवर बसला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, उभा राहा बघू. त्यानं तळवे गुडघ्यावर रोवले आणि तो वर चढल्यासारखा उठला. माझ्या हातातला चहा सांडला. बाईंनी विचारलं, "काय झालं अण्णा?" म्हटलं, "गरम होता."

जाताना ती आई मला जिन्यात म्हणाली, "अण्णा, तुम्ही इतकी मुलं बघता. आपल्या माणसांत असं आणखी कुणाचं पाहिलंय का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग आमच्याच नशिबी," ती म्हणाली आणि पापड चुकवत मुलाला कडेवर घेऊन उतरली. तीन वर्षांनी ती दुसऱ्या मुलाला घेऊन आली. तोही तसाच उठत होता. त्या दिवशी मी चटईवर बसलो नाही. फ्रिजचं काम काढलं.

संस्था वाढत गेली. दोन खोल्यांचं घर झालं, घराची इमारत झाली, मग हेब्बाळ. एका फ्रिजच्या रांगा झाल्या. आता त्यांचा ताप वाढला तर ते स्वतःच मोबाइलवर कळवतात, हात ठेवायला माणूस लागत नाही. नळ्यांवर नाव नसतं, काळ्या पट्ट्या असतात. घराण्याचे कागद संगणकात जातात. चटई गेली, खुर्च्या आल्या. बाई मोठ्या झाल्या, पाचव्या मजल्यावर बसतात. मला दारातले सगळे सलाम करतात, मी कामावरून उतरून किती वर्षं झाली तरी. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

माझी नात, म्हणजे मुलीची मुलगी, तेवीस वर्षांची आहे. ती मला ताता म्हणते. तिचं लग्न मी ठरवलं, माझ्या मेहुण्याच्या मुलाशी. मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ, म्हणजे माझ्या अक्काचाच मुलगा. मुलगा मारतहळ्ळीला कंप्यूटरच्या कंपनीत आहे. दोघं लहानपणापासून एकमेकांना ओळखतात आणि त्यांना हे हवंच होतं. मी मेहुण्याच्या घरी पान-सुपारी घेऊन शब्द दिला. हॉल ठरला.

मग नात म्हणाली, "ताता, नात्यातलं लग्न आहे. तुमच्याच संस्थेत आधी विचारून घेते. तुम्ही चला ना, तुमची तिथे वट आहे."

वट आहे म्हटल्यावर मी गेलो. एक तरुण मुलगी संगणकावर चौकोन-गोल काढत होती. बोलायला गोड. नातीनं सगळं सांगितलं, आजी आणि ताता मामा-भाची आहेत तेसुद्धा. इतक्या सहज सांगितलं की मला काही करता आलं नाही. मग त्या मुलीनं विचारलं, "घरात लहान वयात कुणी गेलंय?"

"आजीचा एक मुलगा तापानं गेला. ना ताता?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. भिंतीवर संस्थेच्या पहिल्या घराचा फोटो होता, जिन्यासकट.

"हो," मी म्हटलं. "ताप."

"मग आजाराचा काही इतिहास नाही," ती मुलगी म्हणाली. "नेहमीच्या दोन-तीन तपासण्या करू, बाकी काळजी नको." नातीनं माझा हात दाबला. बाहेर पडताना दारातल्या माणसानं सलाम केला आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मला माहीत होतं की नेहमीच्या तपासण्यांत ते दिसणार नाही. तिथे इतकी वर्षं घालवून एवढं तर कळतं. आई आणि बाप दोघांकडून तोच दोष आला तर मूल आजारी. एकाकडून आला तर माणूस धडधाकट आणि त्याला पत्ताही नसतो. माझ्यात असणार, बायकोत असणार. नातीत असेल-नसेल. त्या मुलात असेल-नसेल. दोघांत असला तर माझ्या शब्दानं ठरलेल्या घरात परत कुणीतरी गुडघ्यावर हात रोवून उठेल. हे मला जेवताना दिसायचं, पेपर वाचताना दिसायचं. तरी मी पंधरा दिवस गप्प बसलो. मुलाला काय झालं होतं हे सांगायला माझी हरकत नव्हती. इतकी वर्षं खोटं बोललो हे सांगायचं जिवावर आलं होतं.

नातीनं घरी येऊन आजीला सगळी हकीकत सांगितली होती. पंधराव्या दिवशी मला भाकरी वाढताना बायकोचा हात थांबला. ती मला एरवी अहो म्हणते. रागावली की लग्नाआधीचं तोंडी येतं.

"मामा," ती म्हणाली, "कोणता ताप?"

मी भाकरी मोडत राहिलो.

"ताप एकदा तरी आला होता का त्याला? तू पोरीच्या तोंडावर ताप म्हणालास. पत्रिका छापायला गेल्या आहेत. उद्या तू जातोस की मी जाऊ? हेब्बाळची बस मला कळते."

मी गेलो. पाचव्या मजल्यावर बाईंसमोर खुर्चीत बसलो आणि सांगितलं. सगळं झाल्यावर उठून त्या खिडकीशी गेल्या.

"अण्णा, ती दोन मुलांची आई आठवते?"

"आठवते."

"आपल्याकडे असं एकच घर होतं. एका घरावरून दोष शोधणं म्हणजे काळोखात सुई शोधणं. मी सगळीकडे दुसरं घर शोधत होते, पत्रं लिहीत होते." त्या वळल्या. "आणि दुसरं घर रोज माझ्यासमोर बसून चहा पीत होतं."

मी म्हटलं, "सरी, माझं चुकलं." ‘सरी’, म्हणजे बरोबर आहे, एवढं कन्नडच तोंडातून आलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्या फक्त म्हणाल्या, "उद्या दोघं या रक्त द्यायला. मुलीला, नातीला, त्या मुलालाही आणा." आणि कागद ओढून स्वतःच्या हातानं आमचं घराणं नव्यानं काढायला बसल्या. पहिल्यांदा माझ्या तोंडून माझ्या मुलाच्या जन्माचं साल सांगितलं गेलं.

मेहुण्याला सांगायला गेलो तेव्हा वाटलं होतं, तो पान-सुपारी तोंडावर फेकेल. तो म्हणाला, "मामा, तापानं गेला नाही हे आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यासमोर बोलायची कुणाची छाती?" त्याचा मुलगा तोवर पायात चपला घालून दारात उभा होता. "चला, रक्त द्यायचंय ना."

पाच आठवडे लागले. पत्रिका छापून घरात पडल्या होत्या, वाटल्या नाहीत. मुलगी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. तिचा भाऊ होता तो, आणि नवऱ्यासमोर तिलाही इतकी वर्षं ताप म्हणावं लागलं होतं. नात मला ताता म्हणायची, पण माझ्या शेजारी बसायची नाही.

निकाल ऐकायला बाईंनी मला आणि बायकोलाच आधी बोलावलं. त्या कन्नडमध्ये सावकाश बोलल्या, बायकोला कळावं म्हणून. आम्हा दोघांत तोच दोष आहे, माझ्या आईबापांपैकी एकाकडून आलेला. मुलीत आहे. नातीतही आहे. नवऱ्या मुलात नाही. म्हणजे त्यांची मुलं आजारी होणार नाहीत. लग्न खुशाल करा. त्या दोन मुलांच्या आईच्या घरातही हाच दोष निघाला, जुन्या नळ्यांतून. दोन घरं शेजारी ठेवल्यावर काही दिवसांत सापडला, असं बाई म्हणाल्या, आणि ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी हात जोडले. मला वाटलं, सुटलो. बायको मात्र उठेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग माझ्याकडे न बघता, मराठीत, समोरच्या टेबलाला सांगितल्यासारखं म्हणाली, "तो पोटात असताना ग्रहण होतं. मी विसरून विळीवर बसले आणि दुधी चिरला. सासूबाई जन्मभर म्हणायच्या, त्यामुळेच झालं. त्यांना विचारा, त्यामुळे होतं का."

ग्रहणाचं मला माहीत होतं. माझ्या आईनं तिला ते किती वेळा ऐकवलं हेही माहीत होतं. पण आई गेल्यावर ते संपलं असं मी धरून चाललो होतो.

बाईंनी विचारलं, "काय म्हणतात?"

चटईवर बसून इतकी वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं बाईंना सांगितलं. तसंच हेही सांगितलं, शब्द न वगळता.

बाई खुर्ची पुढे घेऊन बायकोच्या जवळ आल्या. "नाही, अक्का. आईनं काही केलं म्हणून हे होत नाही. चिरल्यानं नाही, पडल्यानं नाही, कुणाच्या नजरेनं नाही. हे दोघांकडून निम्मं निम्मं येतं, आणि कुणाच्याच हातात नसतं." मग त्या जरा गोंधळल्या. "अण्णांनी सांगितलं नाही तुम्हाला? इथे आलेल्या प्रत्येक आईला ते सगळ्यात आधी हेच सांगायचे. मी सांगायच्या आधी."

खोलीत एसीचा आवाज होता. कॉम्प्रेसर बरोबर चालला होता. मी तेवढंच ऐकत बसलो.

परतताना रिक्षा केली. बायको बाहेर बघत होती. मान न वळवता तिनं विचारलं, "किती आयांना सांगितलंत?"

"मोजल्या नाहीत."

"शंभर?"

"जास्त असतील."

मी काय सांगू शकलो असतो? तिला सांगायचं तर निम्मं माझं आहे हे आधी कबूल करायला लागलं असतं. दोन खोल्या असल्यापासून मला हे माहीत होतं आणि रोज संध्याकाळी मी ते बाहेर ठेवून, पाय धुऊन घरात येत होतो. ती माझ्यासमोर भाकरी वाढत होती आणि मनात दुधी चिरत होती.

मुलीचं घर आलं तसं तिनं रिक्षा थांबवायला सांगितलं. पिशवी घेतली, पदर सावरला.

"लग्नापर्यंत इथेच राहते," ती म्हणाली. "तिथे आलेल्या परक्या बायकांना सांगत होतात. मी त्यांच्या रांगेत येऊन बसले असते तर मला सांगितलं असतंत का?"

तिनं उत्तराची वाट पाहिली, खरोखर पाहिली, एक पाय रस्त्यावर ठेवून. मग ती उतरली. लग्नाला आता नऊ दिवस आहेत. आमच्या गल्लीतल्या पत्रिका मी एकटा वाटतो आहे. घराघरांत विचारतात, अक्का कुठे आहेत? मी सांगतो, मुलीकडे, लग्नाच्या कामाला. हे खोटं नाही. पण सगळं खरंही नाही, आणि हे मला आता सांगताना कळतं.